विचारविनिमय आणि निर्णयाधिकार : संग्रहालयविषयक दोन लेखनांचा परामर्श

संग्रहालयाने आपल्या योजना आखताना भोवतालच्या समाजाला सहभागी करून घ्यावे, हे तत्त्व आज बहुतेकांना मान्य आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ साली प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येतही समाजाच्या सहभागाचा उल्लेख आहे. या सहभागाचे एक रूढ साधन म्हणजे चर्चाचालकाच्या साहाय्याने होणारी गटचर्चा. तथापि अशा चर्चेतून निष्पन्न काय होते, हा प्रश्न तत्त्वाच्या मान्यतेने सुटत नाही. त्या दृष्टीने दोन लेखने एकत्र वाचण्याजोगी आहेत : संग्रहालयांना ‘संपर्कक्षेत्रे’ म्हणणारा जेम्स क्लिफर्ड यांचा निबंध (१९९७) आणि ‘अखेर हा केक कोणाचा?’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला बर्नाडेट लिंच यांचा अहवाल (२०११).

क्लिफर्ड यांच्या निबंधाचा प्रारंभ १९८९ मधील एका बैठकीच्या वर्णनाने होतो. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड कलासंग्रहालयाने आपल्या रास्मुसेन संग्रहाच्या नव्या मांडणीसाठी ट्लिंगिट जमातीच्या वृद्धांना पाचारण केले होते. वस्तूंविषयी माहिती मिळेल, ही यजमानांची अपेक्षा. प्रत्यक्षात पाहुण्यांनी गीते गाइली, कथा सांगितल्या. वस्तू बराच वेळ बाजूलाच राहिल्या. अष्टपादाकृती शिरोभूषणावरून निघालेली कथा सामन माशांची वाट अडविणाऱ्या एका महाकाय अष्टपादाची होती. कथेच्या अखेरीस तो अष्टपाद म्हणजे ट्लिंगिटांच्या मासेमारीच्या हक्कावर निर्बंध घालणारी सरकारी यंत्रणाच ठरला. संग्रहालयाने माहिती मागितली होती. पाहुण्यांनी त्याच्यापुढे कर्तव्य ठेवले. बैठकीची विषयपत्रिका मोडली, आणि त्यामुळेच ती बैठक फलदायी झाली, हे क्लिफर्ड यांच्या विवेचनाचे मर्म होय.

लिंच यांचा अहवाल याच प्रश्नाकडे संस्थेच्या अंतर्व्यवहाराच्या बाजूने पाहतो. पॉल हॅम्लिन प्रतिष्ठानाच्या पुरस्काराने झालेल्या या अभ्यासात ब्रिटनमधील १२ संग्रहालये व कलादालने सहभागी होती, आणि कर्मचारी व समाजातील त्यांचे सहकारी यांना परस्परांशी मोकळेपणाने बोलते करण्यात आले होते. निष्कर्ष कठोर आहे. अल्पमुदतीच्या अनुदानांवर चालणारे उपक्रम संस्थेच्या परिघावरच राहतात. लोकांना भागीदार न मानता लाभार्थी मानले जाते. आणि आधीच ठरलेल्या योजनेवर संमतीची मोहोर उमटविण्यासाठी चर्चा योजिली जाते. पंक्तीला बोलावणे झाले, पण काय रांधायचे हे विचारले गेले नाही, असा हा प्रकार आहे. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली नागरिक-सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तेव्हा निव्वळ सल्लामसलतीची पायरी त्यांनी नाममात्र सहभागातच गणली होती. चार दशकांनंतरही संग्रहालये बहुधा तेथेच अडखळत होती, असे या अहवालावरून दिसते.

अहवालाचे मोल त्याच्या स्पष्टोक्तीत आहे. मतभेद हे अपयशाचे लक्षण नव्हे, आणि घाईने साधलेले मतैक्य फसवे असते, हा त्याचा आग्रह चर्चाचालकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. परंतु त्याच्या पद्धतीला एक मर्यादा आहे. समाजाच्या वतीने बोलणारे येथे मुख्यतः असे लोक आहेत की ज्यांचा संग्रहालयाशी पूर्वीच संबंध जडला होता. ज्यांनी त्याचा उंबरठा कधी ओलांडलाच नाही, त्यांचे मौन अशा चर्चेत नोंदले जात नाही. क्लिफर्ड यांच्या निबंधाचीही उणीव याच जातीची आहे. पाहुण्यांच्या वाणीचे सामर्थ्य तो उत्कटतेने प्रकट करतो. परंतु संपर्क घडला तरी संग्रहावरील सत्ता यजमानाकडेच राहते, याचे पुरेसे भान तो ठेवीत नाही. रॉबिन बोस्ट यांनी २०११ साली ‘संपर्कक्षेत्र’ या संकल्पनेवर घेतलेला आक्षेप मुख्यतः हाच आहे.

दोन्ही लेखने मिळून एक कसोटी हाती देतात. चर्चा किती सौजन्याने पार पडली, किती मते नोंदली गेली, यावरून तिचे मूल्य ठरत नाही. चर्चेपूर्वी संस्थेने योजिलेल्या गोष्टींपैकी कोणती गोष्ट चर्चेनंतर बदलली, आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाचा होता, एवढेच विचारावे. या प्रश्नाला उत्तर नसेल, तर त्या गटचर्चेला सहभाग म्हणणे हा शब्दाचा अपव्यय होय.