मराठी ख्रिस्ती लेखनातील इहलोक

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या वाटचालीविषयी आपल्या समीक्षाव्यवहारात एक मांडणी इतकी रुळली आहे की तिची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. मिशनऱ्यांच्या प्रेरणेने लिहिणारी पहिली पिढी परलोकनिष्ठ होती, सामाजिक सुधारणा हे तिच्या लेखी धर्मप्रसाराचे साधन होते. पुढे प्रचाराचा अंश ओसरत गेला, सुधारणा हे स्वतंत्र मूल्य ठरले आणि अखेरीस धर्माचा पदर गळून शुद्ध मानवतावाद तेवढा उरला, अशी ही मांडणी आहे. परलोकाकडून इहलोकाकडे जाणारी ही सरळ रेषा इतिहासलेखकाला सोयीची असली, तरी संहिता वाचू लागताच ती जागोजाग तुटते. ती कोठे आणि का तुटते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मुळात युरोपीय ख्रिस्ती परंपरेतही ही रेषा सरळ नाही. इ. स. ४१० मध्ये रोमची लूट झाली आणि त्यानंतर ऑगस्टीनने ४१३ ते ४२६ या काळात ‘ईश्वराची नगरी’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात ख्रिस्ती मनुष्य या जगात वाटसरू आहे. ऐहिक नगरीतील शांततेचा तो उपयोग करून घेतो, पण तेथे घर बांधत नाही. सोळाव्या शतकात ल्यूथरने मठवासाचे श्रेष्ठत्व नाकारले, १५२५ मध्ये स्वतः विवाह केला आणि चांभाराच्या आरीलाही ईश्वरी पाचारणाची प्रतिष्ठा दिली. मात्र संन्यास त्यामुळे संपला नाही, तो मठातून बाहेर पडून बाजारात आला, हे माक्स वेबरचे १९०४-०५ मधील निरीक्षण आजही विचारात घ्यावे लागते. इहलोकातील कार्याची तीव्रता परलोकाच्या चिंतेतूनच निर्माण झाली, असा त्याचा निष्कर्ष होता. वेबरच्या तपशिलांवर पुष्कळ वाद झाले आहेत. परंतु ‘परलोकनिष्ठा उणी म्हणजे सुधारणा अधिक’ हे समीकरण त्याच्यानंतर निरागसपणे मांडता येत नाही. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक प्युरिटन परंपरेचे वारस होते, हेही येथे ध्यानात असावे.

मराठीत या प्रश्नाला वाङ्मयीन रूप कसे आले, हे पाहण्यासाठी दोन प्रवास शेजारी ठेवणे उद्बोधक ठरेल. जॉन बन्यनच्या रूपककथेचा ‘यात्रिकक्रमण’ हा हरि केशवजी यांनी केलेला अनुवाद १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर सोळा वर्षांनी, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा संमत झाल्याच्या पुढच्याच वर्षी, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले. बन्यनचा यात्रिक बायकामुलांना मागे टाकून, कानांत बोटे घालून विनाशनगरीतून पळ काढतो. वाटेत लागणारा व्यर्थतेचा बाजार त्याला केवळ ओलांडून जायचा असतो. पदमनजींची यमुना मात्र पतीसह निघते आणि जेथे जाते तेथे थांबते. ती घराघरांत डोकावते, विधवांच्या हकीकती ऐकून घेते. प्रवासाचा साचा धार्मिक परंपरेतला, पण दृष्टी मुक्कामावर न खिळता वाटेवर खिळलेली. मराठी कादंबरी आपल्या आरंभीच जगापासून पळण्याचे टाळून जगात रेंगाळते, ही घटना केवळ सुधारणेच्या इतिहासात नोंदवून भागणारी नाही. ती रूपाच्या इतिहासातलीही आहे.

तथापि येथेच कादंबरीतील ताण उघड होतो. कथानकाला पूर्वनियोजित शेवट आहे: विनायकाचा मृत्यू, यमुनेचे वैधव्य, केशवपनाचे संकट, मग ख्रिस्ती धर्माचा उघड स्वीकार आणि पुनर्विवाह. विधवेचे दुःख हा जुन्या धर्माविरुद्धचा पुरावा आहे आणि नवा धर्म हा त्यावरचा निकाल, अशी ही न्यायालयीन रचना आहे. पण साक्षीदार म्हणून बोलावलेल्या स्त्रिया आपली साक्ष संपल्यावरही वाचकाच्या मनातून जात नाहीत. यमुनेला मिळालेले उत्तर त्यांतील बहुतेकींच्या वाट्याला येत नाही. त्या आपापल्या माजघरात, आपापल्या अंधारात मागे राहतात. निरूपणाने कथानकावर अशी मात केली आहे, आणि ‘यमुनापर्यटन’ विस्कळीत आहे म्हणून नेहमी जो दोष दिला जातो, त्या विस्कळीतपणातच तिचे सत्त्व आहे असे मला वाटते. एका जीवाच्या तारणाची कथा अनेकींच्या दुःखाला पुरी पडत नाही, हे लेखकाने कोठे म्हटलेले नाही. त्याच्या कादंबरीच्या बांधणीने ते म्हटले आहे.

पंडिता रमाबाईंकडे वळताच रूढ मांडणी सर्वांत अडचणीत येते. म्हणूनच की काय, तिने रमाबाईंचे दोन तुकडे केले आहेत. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२), अमेरिकेच्या लोकस्थितीवरील १८८९ चे प्रवासवृत्त आणि त्याच वर्षी मुंबईत उघडलेले शारदा सदन, येथपर्यंतच्या रमाबाई सुधारक. केडगावच्या मुक्तीतील प्रार्थनामग्न रमाबाई मात्र जणू कोणी वेगळ्याच, सार्वजनिक जीवनातून निवृत्त झालेल्या. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे, भांडारकर आदींनी सदनाशी संबंध तोडला, त्या क्षणाशी आपले पुष्कळसे कथन थांबते. (जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली होती, हे अलीकडे आठवले जाते, पण तेही बहुधा सुधारक रमाबाईंच्या खात्यावर.)

रमाबाईंनी १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेली साक्ष या विभागणीला जुमानत नाही. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींनी त्यांना फुलहॅम येथील आश्रय दाखवला. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची तेथे मायेने होणारी शुश्रूषा पाहून त्या चकित झाल्या, त्यामागचे कारण विचारू लागल्या, आणि उत्तरादाखल त्यांच्यापुढे शोमरोनी स्त्रीची कथा आली. १८८३ च्या बाप्तिस्म्यामागे जे अनेक धागे होते, त्यांतला हा एक बळकट धागा. येथे क्रम उलटा आहे: सुधारणा आधी, श्रद्धा नंतर. पदमनजींच्या कादंबरीत दुःख हा धर्माचा पुरावा होता, तर रमाबाईंच्या अनुभवात करुणेची कृती हा धर्माचा पुरावा झाला.

पण त्याच साक्षीत त्या पुढे सांगतात की धर्म हाती आला होता, ख्रिस्त अद्याप आला नव्हता. तो अंतरंग अनुभव पुढच्या दशकात आला, आणि नेमका त्यानंतरच त्यांच्या कार्याचा व्याप विलक्षण वाढला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुली गोळा करून आणल्या. स्वतःचे आईवडील त्यांनी १८७४ च्या सुमारास दुष्काळी भटकंतीतच गमावले होते, हे विसरून हा प्रसंग वाचता येणार नाही. शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मुक्तीचे दार जात, वय, पूर्वचारित्र्य न पाहता उघडले गेले, आणि फुलहॅमची आठवण ‘कृपा सदन’ या नावाने केडगावात उभी राहिली. १९०५ मध्ये तेथे जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यातील रडणे, सामुदायिक प्रार्थना, अन्य भाषांतील उद्गार यांनी विवेकवादी अभ्यासक आजही अवघडतो. अवघडावे, हरकत नाही. पण त्याच आवारात मुली छापखाना चालवत होत्या, माग विणत होत्या, हेही त्याच दृष्टिक्षेपात यावयास हवे. सर्वांत पारलौकिक अनुभव आणि सर्वांत ऐहिक उद्योग येथे एकाच दिनक्रमाचे भाग आहेत. त्यांतला एक खरा आणि दुसरा वेष, असे ठरवण्याचा अधिकार समीक्षकाला कोणी दिला?

नारायण वामन टिळकांच्या बाबतीत प्रश्न आणखी निराळे वळण घेतो. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते. ल्यूथरने मोडीत काढलेला संन्यास एका प्रॉटेस्टंट कवीने मराठी भक्तिपरंपरेच्या वाटेने परत आणला, यातला विरोधाभास मोठा आहे. मिशनचे पगार, हुद्दे आणि कमिट्या हाच आता त्यांना ‘संसार’ वाटत होता.

आणि या संन्यासाच्या मागे घर सांभाळणारी व्यक्ती होती. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चे (१९३४ पासून) वाचन विनोद आणि सहजता यांच्या कौतुकात फार अडकले आहे. तत्त्वचिंतनाचा आव न आणता त्या या साऱ्या वादाला एक माणूस आणून जोडतात: उद्या चूल कशी पेटेल याची काळजी करणारे. टिळकांनी उदार मनाने देऊन टाकलेल्या वस्तूंचा हिशेब त्यांच्या निवेदनात हसत हसत, पण चोख येतो. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षांनी त्या त्यांच्याकडे परतल्या, तेव्हा त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळेच ठेवले होते. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोवळे सुटण्याची त्यांची कथा सिद्धांताची नाही. पाण्याचा तांब्या, ताट आणि दारी आलेली पोरकी मुले यांच्या द्वारा ती घडते. पदमनजींची यमुना घराघरांत पाहुणी म्हणून शिरली होती, लक्ष्मीबाई घरात उभ्या राहून बोलतात. मराठी ख्रिस्ती लेखनात इहलोक खऱ्या अर्थाने वसतीला आला तो येथे, आणि तो प्रार्थना वगळून आलेला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्नाची परिभाषा बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगाशी संवादाची भूमिका घेतली, लॅटिन अमेरिकेत मुक्तीचे ईश्वरशास्त्र मांडले गेले, आणि अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरशास्त्राची पायाभरणी केली. निर्मळांनी भारतीय ख्रिस्ती विचाराच्या ब्राह्मणी वळणावर जे बोट ठेवले, ते टिळकांच्या पिढीलाही लागू पडते. ‘ख्रिस्तायन’च्या कर्त्याला संतपरंपरा जितकी जवळची वाटली, तितका त्याच्या चर्चमधील महार-मांग बांधवांचा अनुभव काव्यविषय वाटला का, हा प्रश्न आपण पुरेसा विचारलेला नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी ‘सुवार्ता’चे संपादन आणि हरित वसईचे आंदोलन एकाच हाताने चालवले, जमीन आणि विहिरीचे पाणी हे धर्मोपदेशाचे विषय केले, आणि त्याच हाताने ‘सुबोध बायबल’ही लिहिले. त्यांच्या लेखनाचे मूल्यमापन करताना पर्यावरणवादी दिब्रिटो आणि धर्मगुरू दिब्रिटो अशी विभागणी आताच सुरू झाली आहे. रमाबाईंच्या बाबतीत ती आपण शंभर वर्षे केली, आणि त्यापायी केडगावच्या स्त्रियांनी खिळे जुळवून छापलेले, १९२४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेले रमाबाईंचे बायबल मराठी गद्याच्या इतिहासात अद्याप जवळजवळ अवाचित राहिले आहे.