चित्र कोणासाठी?

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ ही अवघ्या मिनिटभराची चित्रफीत तयार केली. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची, सुमारे महिनाभर थोडथोडी टिपलेली चित्रे सलग दाखविताच डोळ्यांस एरवी न दिसणारी वाढ दिसू लागली. विशेष शिक्षणाच्या वर्गात आज छायाचित्रे व चित्रफिती यांचा जो वापर होतो, त्याच्या गुणदोषांचे बीज या प्रयोगात आढळते. ज्या नाशकात १९७७ पासून ‘प्रबोधिनी’ ही संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कार्य करीत आली आहे, तेथील अभ्यासकांस हा प्रश्न परका नव्हे.

प्रथम गुणाचा विचार करू. शिक्षकाची तोंडी सूचना उच्चारताक्षणीच नाहीशी होते. चित्र मात्र थांबते. हात धुण्यासारखी साधी कृती पाचसहा छायाचित्रांत विभागता येते. चित्रफीत तर शंभराव्या वेळीही न कंटाळता तेच दाखविते. स्वमग्न मुलांवरील २००० सालच्या एका अमेरिकन अभ्यासात प्रत्यक्ष प्रात्यक्षिकापेक्षा चित्रफितीने कौशल्ये लवकर आत्मसात झाल्याचे आढळले. मात्र त्या अभ्यासात मुले पाचच होती, हे विसरून चालणार नाही.

चित्राचे स्वरूप उमगणे ही काही जन्मजात शक्ती नव्हे. ज्युडी डीलोश व त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, नऊ महिन्यांची बालके छायाचित्रातील वस्तू बोटांनी उचलू पाहतात. चित्र हे वस्तूचे चिन्ह आहे, हे क्रमाने उमगते. आणि आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ते फार उशिरा उमगते. मग ज्या मुलाच्या घरी हंडा व तांब्या आहे, त्याच्यापुढे चकचकीत बेसिनाचे तयार चित्र ठेवून कोणता बोध होणार? शिक्षकाच्या हातातील मोबाईलचे खरे मोल चित्राच्या सुस्पष्टतेत नसून, त्या मुलाचाच तांब्या त्याच्यापुढे ठेवता येण्यात आहे. तथापि चित्र समोर असतानाच जो हात धुतो, तो हात धुण्यास नव्हे, तर चित्र पाहण्यास शिकला असे म्हणावे लागेल. चित्र हळूहळू काढून घेणे हाही पाठाचाच भाग होय.

आता दोषाकडे वळू. फाळक्यांनी आपली चित्रफीत पुढील चित्रपटासाठी भांडवल मिळविण्याच्या हेतूने दाखविली होती. त्यात वाटाण्याची काहीच हानी झाली नाही. मुलाचे तसे नाही. चित्र शिकविण्यासाठी काढावयाचे आणि देणगीदारांस दाखवावयाचे, हा प्रवाद सोईचा असला तरी निर्दोष नव्हे. व्यक्तिगत विदेच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. परंतु पालकांच्या स्वाक्षरीने मुलाची लाज भरून निघत नाही.

या संदर्भात ‘स्व-प्रतिमान’ ही पद्धती उद्बोधक आहे. मुलाने केलेल्या कृतीच्या चित्रणातून शिक्षकाचा आधार व चुका वगळून, ती कृती त्याने स्वतःच निर्वेध पार पाडली असे चित्र त्यासच दाखवितात. हे असत्य नव्हे काय? आमच्या मते, मुलाने पाहिले तर ते उद्याचे सत्य आहे, कारण आपण काय करू शकू हे त्यास त्यात दिसते. तीच फीत प्रगतीचा पुरावा म्हणून पालकांस वा तपासनिसांस दाखविली, तर ते निखालस असत्य होय. एकाच चित्राचे सत्यासत्य त्याच्या प्रेक्षकावर अवलंबून राहते.

म्हणूनच या साधनांचे मूल्यमापन करणाऱ्या प्रबंधांनी ‘मूल किती शिकले?’ या प्रश्नाबरोबरच ‘हे चित्र कोणी पाहिले, आणि नंतर त्याचे काय झाले?’ हेही नोंदविले पाहिजे. अंकुराने आपली वाढ कधी पाहिली नाही. मुलाला ती पाहता येते. आणि ती पाहण्याचा पहिला अधिकार त्याचाच आहे.