साक्ष कोणाची, चेहरा कोणाचा?

आपल्याकडे समीक्षा म्हटली की कथा, कविता, आत्मकथन एवढ्यापुरताच विचार होतो. मदतसंस्था गरिबांविषयी जे लिहितात, त्यांची जी छायाचित्रे प्रसिद्ध करतात, त्याला कोणी साहित्य मानत नाही. म्हणून त्याची चिकित्साही होत नाही. परंतु आज फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या समाजमाध्यमांतून हा मजकूर लाखो लोकांपुढे जातो, आणि उपाशी, आजारी, निर्वासित माणूस कसा असतो याची त्यांच्या मनातील प्रतिमा तो घडवितो. तेव्हा जो प्रश्न आपण साहित्याला विचारला तोच येथेही विचारला पाहिजे : बोलतो कोण, आणि कोणाविषयी?

या प्रश्नासाठी मी ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’, म्हणजे ‘सीमा न मानणारे डॉक्टर’, ही संस्था मुद्दाम निवडली आहे. दुःखाचा उघड बाजार मांडणाऱ्यांवर टीका करणे सोपे असते. तिच्यातून निष्पन्न थोडेच होते. ही संस्था तशी नाही. नायजेरियातील बियाफ्राच्या युद्धात (१९६७-७०) रेडक्रॉसतर्फे काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांना, डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींविषयी मौन पाळण्याचा दंडक मान्य नव्हता. त्यांनी काही पत्रकारांच्या साथीने २२ डिसेंबर १९७१ रोजी पॅरिसमध्ये ही संस्था स्थापन केली. उपचार करावयाचे आणि जे पाहिले त्याची साक्षही द्यावयाची, ही पुढे तिची ओळख बनली. १९९९ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण याच बियाफ्रात आणखी एक गोष्ट घडली होती. पोटे फुगलेल्या, हाडे उरलेल्या मुलांची छायाचित्रे जगभर गेली, आणि बियाफ्राच्या नेत्यांनी जिनिव्हातील एका प्रसिद्धिसंस्थेमार्फत त्या भुकेचा युद्धप्रचारासाठी पद्धतशीर उपयोग केला. करुणेचे चित्र निष्पाप असतेच असे नाही. ते कोणाच्या हाती आहे, हे आधी पाहावे लागते.

१९८५ साली इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी इंग्लंड-अमेरिकेत गाण्यांचे प्रचंड कार्यक्रम झाले. लोकांनी मनापासून पैसा दिला. त्याच वेळी तेथील लष्करी राजवट उत्तरेकडील लोकांना बळजबरीने दक्षिणेत हलवीत होती, आणि त्या हलवाहलवीत माणसे मरत होती. संस्थेच्या फ्रेंच शाखेने हे उघडपणे सांगितले; वर्ष संपण्यापूर्वी तिला देशाबाहेर काढण्यात आले. छायाचित्राने भूक दाखविली होती. भुकेमागचा हात मात्र शब्दांनीच दाखवावा लागला.

समाजमाध्यमांच्या काळात ही परंपरा टिकली काय? टिकली, असे कुंदुझच्या प्रकरणावरून म्हणता येते. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अमेरिकेच्या लष्करी विमानाने अफगाणिस्तानातील कुंदुझ येथील संस्थेच्या रुग्णालयावर मारा केला. रुग्ण, त्यांचे सोबती आणि कर्मचारी मिळून ४२ माणसे मारली गेली. लष्कराचे खुलासे दर दिवशी बदलत होते. संस्थेने ट्विटरवरून एकेका खुलाशाला उत्तर दिले : रुग्णालयाचे नेमके ठिकाण दोन्ही बाजूंना आधीच कळविलेले होते. स्वतंत्र चौकशीच्या मागणीवर पाच लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ती चौकशी झाली नाही. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकन लष्कराने १६ जणांवर खातेनिहाय कारवाई केली. फौजदारी खटला एकावरही भरला नाही. तरीही त्या मजकुराचे मोल कमी होत नाही. त्यात ठिकाण होते, वेळ होती, आणि कोणी मारले हे होते. साक्ष म्हणतात ती हीच.

मग खोट कोठे आहे? ती पैशापाशी आहे. या संस्थेचा जवळजवळ सर्व पैसा सामान्य देणगीदारांकडून येतो. जून २०१६ मध्ये निर्वासितांना हुसकावणाऱ्या धोरणाच्या निषेधार्थ तिने युरोपीय संघाचा व त्याच्या सदस्य-राष्ट्रांचा निधी नाकारला. २००४ च्या त्सुनामीनंतर पुरेसा पैसा जमताच, या कामासाठी आता देणगी नको, असेही तिने जाहीर केले होते. हा स्वाभिमान आदरणीय आहे. परंतु सरकारचा पैसा नाकारला की देणगीदाराच्या भावनेला हात घालावा लागतो. साक्षीला कर्ता आणि कारण लागते. देणगीच्या आवाहनाला चेहरा लागतो. तो चेहरा बहुधा लहान मुलाचा किंवा बाईचा असतो, तो काही बोलत नाही, आणि त्याच्या शेजारी त्याला वाचविणारा उभा असतो. एकाच पडद्यावर, एकाच संस्थेच्या नावाखाली ही दोन्ही कामे चालतात, आणि दुसरे पहिल्याला गिळू पाहते.

२०२२ साली याचा पुरावाच मिळाला. काँगोतील एका अल्पवयीन बलात्कारपीडित मुलीचे, चेहरा ओळखू येईल असे छायाचित्र संस्थेने प्रसिद्ध केले होते. टीका झाल्यावर ते काढून घेण्यात आले. कोणी म्हणेल, तिची संमती घेतली असेल. मी विचारतो, ज्याच्या हातात आपले औषध आहे त्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्या मुलीत कोठून येणार? आणि तिला पुन्हा आपल्याच माणसांत जगावयाचे आहे. छायाचित्र तर एकदा जगभर पसरले की मागे बोलावता येत नाही.

हा केवळ एका छायाचित्रकाराचा प्रमाद नव्हे. जुलै २०२० मध्ये संस्थेच्या सुमारे १,००० आजी-माजी कर्मचाऱ्यांनी पत्र लिहून, संस्थेच्या रचनेतच वर्णभेद आहे, असे सांगितले होते. प्रत्यक्ष काम करणारे बहुसंख्य लोक त्या त्या देशांतलेच. निर्णयाची केंद्रे मात्र प्रामुख्याने युरोपात. पुढे संस्थेनेच एका चित्रफितीतून मान्य केले की, आपल्या चित्रांत गोरा डॉक्टर तारणहार म्हणून दिसत राहिला. ही कबुली महत्त्वाची आहे. पण कबुलीने कॅमेरा हात बदलत नाही.

कॅमेऱ्यामागची जागा बदलली तर काय होते, याचे उदाहरण याच संस्थेच्या कामात आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. गोवंडीच्या परिसरात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर ती उपचार करीत आली आहे. निरनिराळ्या देशांतील अशा रुग्णांना तिने आपली हकीगत आपल्या शब्दांत लिहिण्यास जागा दिली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले त्यांतल्या एक. क्षयावरील जुन्या औषधांनी त्यांची श्रवणशक्ती गेली. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचेही तेच झाले. या दोघींनी २०१९ साली, संस्थेच्या पाठबळाने, बेडाक्विलिन या नव्या औषधावरील जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबविणाऱ्या पेटंटला भारतात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये ते पेटंट नाकारले गेले. येथे रोग्याचा चेहरा दिसला तो तक्रारदाराचा म्हणून. त्याला नाव होते, मागणी होती, आणि प्रतिपक्षही होता.

दलित साहित्याने सहानुभूतीच्या लेखनाला नकार दिला तो याच कारणासाठी. सहानुभूती खोटी असते म्हणून नव्हे. ती दुःखिताला वाक्याचे कर्म करून ठेवते म्हणून. ‘माणूस मरत असताना हा शब्दच्छल कशाला?’ असे विचारले जाईल. पण उपचार करण्यासाठी रोग्याला मुका करावे लागत नाही. ज्या डॉक्टरांनी मौनाचा दंडक मोडून ही संस्था उभारली, त्यांच्या वारसदारांना एवढे तरी समजले पाहिजे की, आपण बोललो म्हणजे रोगी बोलला असे होत नाही. तो बोलणार असेल तर त्याच्यासाठी जागा करावी. तो बोलू शकत नसेल तर त्याला कोणी मारले ते सांगावे. आणि त्याचा चेहरा त्याचा त्याला राहू द्यावा.