काळ, काम, वेग आणि दोन कुरणं

सोव्हिएत लेखक याकोव पेरेलमानच्या 'अल्जिब्रा कॅन बी फन' या पुस्तकात एक गणित आहे. वरवर पाहता आपल्या शाळेतलं काळ-काम-वेगाचंच. गवत कापणाऱ्या टोळीपुढे दोन कुरणं, एक दुसऱ्याच्या दुप्पट. अर्धा दिवस सगळे मोठ्या कुरणावर राबतात. मग निम्मे तिथंच थांबून संध्याकाळपर्यंत ते संपवतात, निम्मे लहान कुरणावर जातात. तिथं थोडं गवत उरतं. दुसऱ्या दिवशी एकटा माणूस दिवसभर खपून ते कापतो. टोळीत माणसं किती?

ना क्षेत्रफळ दिलंय, ना कापणीचा वेग. चाकणच्या कारखान्यातल्या एखाद्या लाइन सुपरवायझरला विचारा, तो आधी सायकल टाइम, म्हणजे एका कामाला लागणारा वेळ, मागेल. या गणिताची खुमारी हा वेळ न देण्यातच आहे. पेरेलमान 'क्ष'च्या जोडीला 'य' आणतो: एक माणूस दिवसात कापतो तेवढी जागा. समीकरण उभं राहतं, आणि काम झाल्यावर 'य' दोन्ही बाजूंनी निघून जातो. त्याची किंमत शेवटपर्यंत कळत नाही, लागतही नाही.

पण खरी मजा आकृतीत. मोठ्या कुरणाचे तीन सारखे पट्टे पाडा: दोन अख्ख्या टोळीने कापलेले, एक निम्म्या टोळीने. लहान कुरण म्हणजे दीड पट्टा. त्यातला एक निम्म्या टोळीने कापला, उरला अर्धा; तेच एका माणसाचं दिवसाचं काम. पहिल्या दिवशी एकूण चार पट्टे झाले, म्हणजे आठ अर्धे. माणसं आठ! कादंबरीकार टॉल्स्टॉयचं हे आवडतं गणित; आकृतीने ते इतकं सोपं होतं हे उतारवयात कळल्यावर तो हरखला, असं पेरेलमान सांगतो.

सोव्हिएत गणितशिक्षणाचा हाच बाज: लेनिनग्राडचं 1934चं गणित ऑलिंपियाड, गणिती कोल्मोगोरोव्हची 1963ची मॉस्कोतली निवासी शाळा, 1970 साली निघालेलं मुलांसाठीचं 'क्वांत' मासिक, या सगळ्यांची ताकद अशा घोटून घडवलेल्या प्रश्नांत होती. पेरेलमान स्वतः 1942मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात गेला. त्याची पुस्तकं मात्र मीर प्रकाशनाच्या स्वस्त आवृत्त्यांतून आपल्यापर्यंत पोचली. सत्तरच्या दशकात टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या अरविंद गुप्तांनी पुढे आपल्या संकेतस्थळावर अशी पुस्तकं सर्वांसाठी फुकट खुली केली.

पिंपरी-चिंचवडच्या शिक्षकांनो, काळ-काम-वेगाचं सूत्र सांगण्याआधी एक तास या दोन कुरणांना द्या. फळ्यावर फक्त दोन चौकोन काढा आणि मुलांच्या हाती खडू द्या.