'स्क्रॅब्युलस' निकाल आणि पडद्यावरचा खेळ

संगणकीय खेळांच्या बौद्धिक संपदेविषयी मॅटेल विरुद्ध जयंत अगरवाला या प्रकरणातील दिल्ली उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २००८ चा आदेश मुळातून वाचण्याजोगा आहे. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी 'स्क्रॅबल'वर बेतलेला 'स्क्रॅब्युलस' हा खेळ आंतरजालावर आणला होता. न्यायालयाने व्यापारचिन्हाच्या आधारे त्या नावास मनाई केली. खेळफलकावरील स्वामित्वहक्काचा दावा मात्र प्रथमदर्शनी अमान्य केला.

आदेशाचा पहिला भाग पटतो. दुसऱ्याचा एक आधार कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम १५(२) हा आहे. नोंदणीयोग्य, पण अनोंदणीकृत डिझाइन लावलेल्या वस्तूच्या औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक प्रती निघाल्या, की त्या डिझाइनवरील स्वामित्वहक्क संपतो. कारखान्यात छापलेल्या फलकाला हे चपखल लागते. केवळ पडद्यावर जन्मलेल्या खेळाला ते कसे लावावे, याचा उलगडा होत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) घ्या. त्याची आज्ञावली साहित्यकृती म्हणून, चित्रे कलाकृती म्हणून संरक्षित ठरतात. खेळण्याची रीत मोकळीच राहते.

नाशिकमधील आपला विद्यार्थी प्रकल्प म्हणून खेळ रचतो तेव्हा आज्ञावली तपासण्याआधी त्याला व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत नाव शोधावयास लावणे इष्ट. अगरवाला बंधूंचा खेळही पुढे 'लेक्स्युलस' या नावानेच चालला.