‘उंबरठा’ : खंड कोणता मोजला गेला?

जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ची (१९८२) चर्चा बहुधा सुलभा महाजनने घर सोडण्याभोवती फिरते. तिच्या नोकरीकडे त्यामानाने दुर्लक्ष झाले आहे.

समाजकार्याचे सासूबाईंना वावडे नाही. घर सांभाळून केलेली सेवा चालते; खटकते ती परगावची, पगाराची, अधिकाराची जागा. सेवा आणि नोकरी यांतला हा भेद विजय तेंडुलकरांची पटकथा नेमका पकडते.

संगमवाडीच्या महिलाश्रमातून सुलभा परतते, तेव्हा मुलगी दुरावलेली असते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. घरातल्या तिच्या गैरहजेरीची किंमत अशी वसूल होते. शिक्षण असून ती घरात राहिली, त्या काळाचा हिशेब मात्र कुणीच मांडत नाही.

चित्रपटाची मर्यादाही इथेच जाणवते. मुलीला जावेने सांभाळले म्हणून सुलभाला अधीक्षिका होता आले. या श्रमांचे मोल कथेत पुरेसे उमटत नाही.

शेवटी सुलभा पुन्हा घर सोडते. आश्रमाच्या नोकरीचा राजीनामा तिने आधीच दिलेला आहे. आता तिला काम कोण देणार, राजीनाम्याबद्दल काय विचारणार? कामावर परतू पाहणाऱ्या आजच्या बाईसमोरचा प्रश्न तिथून सुरू होतो, आणि चित्रपट तिथे संपतो.