न सुटलेला बाण : अज्ञाताचे भय आणि कल्पनाशक्ती

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने मराठी भयकथेवर लघुप्रबंध लिहिण्याची इच्छा व्यक्त केली. विषय संबंधित समितीपुढे गेला आणि 'हा विषय वाङ्मयीन नव्हे' असा शेरा घेऊन परत आला. शेरा चार शब्दांचाच होता, परंतु त्यामागे दोन वेगवेगळे आक्षेप होते. पहिला वाङ्मयीन : भय ही प्राथमिक व शारीर स्वरूपाची भावना आहे, तिच्यावर आधारलेले लेखन वाचकाला फार तर दचकवते, समृद्ध करीत नाही. दुसरा सामाजिक : ज्या समाजात अंधश्रद्धेपायी माणसांचे प्राण जातात, त्या समाजात भुताखेतांच्या कथांना प्रतिष्ठा मिळवून देणे बेजबाबदारपणाचे आहे. पहिला आक्षेप सहज बाजूला सारता येईल, दुसरा तसा सारता येणार नाही. मात्र दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे. अज्ञाताचे भय वाटणे म्हणजे कल्पनाशक्तीचा अतिरेक होणे, हे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखात हे गृहीत तपासून पाहावयाचे आहे.

१

भयाला हीन लेखण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भरताने भय हा स्थायिभाव मानला, भयानकाला आठ रसांत स्थान दिले. पण भयाचा आश्रय सांगताना त्याने स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचाच निर्देश केला. उत्तम प्रकृतीच्या नायकाच्या वाट्याला उत्साह, हीनांच्या वाट्याला भय, अशी ही वाटणी आहे. समितीच्या शेऱ्यात या वाटणीचाच दूरचा प्रतिध्वनी ऐकू येतो.

परंतु त्याच नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानकाचे जे विभाव दिले आहेत, ते नीट पाहिले तर वेगळेच काही हाती लागते. विकृत आवाज, पिशाचादिकांचे दर्शन, कोल्हे आणि घुबडे, ओसाड घर, अरण्यात जाणे, स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे, ऐकणे अथवा त्याची कथा कानी पडणे, असे हे विभाव आहेत. यांत प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. आवाज ऐकू येतो, तो कोणाचा हे दिसत नाही. शून्यागारात तर भिण्याजोगे काहीच नसते. तेथे कोणी नाही, हेच भयाचे कारण ठरते. स्वजनाच्या वधाची कथा ऐकून होणारे भय हे न पाहिलेल्या प्रसंगाचे भय असते. भरताने हे तत्त्व सूत्ररूपाने मांडलेले नाही. परंतु त्याच्या यादीवरून असे म्हणता येईल की, भयानकाचा विभाव पुष्कळदा एक रिकामी जागा असतो आणि ती जागा प्रेक्षकाच्या कल्पनेच्या स्वाधीन केलेली असते.

या दृष्टीने अभिनवगुप्ताने निवडलेले उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. रसास्वादात भावाचे साधारणीकरण कसे होते हे सांगताना त्याने 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरणाचे वर्णन घेतले आहे. मराठी विद्यार्थ्याला ही चर्चा र. पं. कंगले यांच्या 'रसभावविचार' या ग्रंथामुळे परिचित आहे. अभिनवगुप्ताचे म्हणणे असे की, हे वर्णन ऐकताना सहृदयाला जे भय प्रतीत होते ते 'मी भ्यालो', 'हा भ्याला', 'माझा शत्रू भ्याला' अशा कोणत्याही व्यक्तिनिष्ठ रूपात नसते. देश आणि काल यांच्या मर्यादा गळून पडतात आणि भय हाच भाव निर्विघ्नपणे आस्वादाचा विषय होतो.

साधारणीकरणाची चर्चा करताना या उदाहरणातील एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. हरीण ज्या बाणाला भिते तो बाण सुटलेलाच नाही. दुष्यंताने तो धनुष्याला लावलेला आहे एवढेच. आश्रमातील तपस्वी मध्ये येतात, राजा बाण काढून घेतो आणि हरीण नाटकातून निघून जाते. हरणाच्या शरीराचा मागचा भाग पुढच्या भागात शिरू पाहतो तो लागलेल्या बाणामुळे नव्हे, लागू शकणाऱ्या बाणामुळे. बाण लागला असता तर तेथे वेदना आली असती, प्रेक्षकाच्या मनात शोक जागा झाला असता, आणि प्रसंग भयानकाकडून करुणाकडे गेला असता. भयानक टिकून राहतो तो बाण हवेत न आल्यामुळे.

२

येथे एक शंका संभवते. हरणाला बाण ठाऊक आहे, रथ दिसतो आहे. मग या भयाला अज्ञाताचे भय कसे म्हणावे? शंका रास्त आहे. अज्ञात हे एकजिनसी नसते, त्याच्या पायऱ्या असतात, असे तिचे उत्तर आहे. हरणाच्या बाबतीत संकट ज्ञात आहे, त्याची वेळ अज्ञात आहे. तेथील प्रश्न 'कधी' हा आहे. दुसऱ्या पायरीवर संकटाचे रूपच अज्ञात असते आणि प्रश्न 'काय' असा होतो. तिसऱ्या पायरीवर मुळात काही आहे की नाही, हेच कळेनासे होते. एडमंड बर्क याने १७५७ साली उदात्तविषयक निबंधात अस्पष्टता ही भयाची मोठी साहाय्यक आहे असे प्रतिपादिले, त्याचा रोख प्रामुख्याने दुसऱ्या पायरीवर होता. जुलमी सत्ता आपल्या प्रमुखाला लोकांच्या नजरेपासून शक्य तितके दूर ठेवतात, हे त्याचे निरीक्षण आजही विचारात घेण्याजोगे आहे. त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९७० साली विलक्षण वाङ्मयाची जी मीमांसा केली ती तिसऱ्या पायरीची आहे. घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक, या संभ्रमात वाचक जोवर राहतो तोवरच कृती विलक्षण असते. निर्णय झाला की ती दुसऱ्या कोणत्या तरी शेजारच्या प्रकारात जाते.

या तीन पायऱ्यांपुढे मला आणखी एक पायरी दिसते. काय घडले, कधी घडले हे सारे ठाऊक झाल्यावरही 'का' हा प्रश्न शिल्लक राहतो. हेच माझ्या वाट्याला का? या प्रश्नातील अज्ञात कोणत्याही उजेडाने दूर होत नाही.

मराठी कथेकडे या क्रमाने पाहता काही नेहमीचे वर्ग बदलून मांडावे लागतात. नारायण धारप यांच्या भयकथेचे सामर्थ्य 'काय' या प्रश्नात आहे. ओळखीच्या मध्यमवर्गीय घरात अनोळखी काहीतरी शिरते आणि त्याचे रूप हळूहळू उलगडत जाते. परंतु 'समर्थ' या व्यक्तिरेखेभोवती रचलेल्या त्यांच्या कथांत उलगडणे हे निवारणही असते. जाणकार पुरुष येतो, अनिष्ट शक्ती ओळखतो, तिचा बंदोबस्त करतो. वाचकाला दिलासा मिळतो आणि रिकामी जागा भरून निघते. रत्नाकर मतकरी यांनी आपल्या लेखनासाठी 'गूढकथा' ही संज्ञा रूढ केली, ती केवळ नावाचा बदल म्हणून नव्हे. त्यांच्या कथेत भयाचे उगमस्थान पुष्कळदा माणसाच्या मनात, त्याने दडवलेल्या इच्छेत वा केलेल्या अपराधात असते. भरताने भयानकाचे जे तीन प्रकार सांगितले त्यांत अपराधजन्य भय हा एक आहे, याचे येथे स्मरण होते.

'का' या पायरीवर मात्र आपण ज्यांना भयकथाकार म्हणत नाही असे लेखक भेटतात. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा' (१९७५) या पुस्तकाचे नावच पाहावे. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य सांगण्याची विद्या. फाशांवरच्या खुणा दिसतात, त्या कसल्यातरी खुणा आहेत याविषयी संशय उरत नाही. पण त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे कळत नाही. 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन्ही दीर्घकथांत वाचकाला जे अस्वस्थ करते ते भूत नव्हे, ही न वाचता येणारी खूण आहे. अज्ञाताचे भय येथे अत्यंत शुद्ध रूपात आहे आणि तरीही त्याला भयकथा म्हणण्याची आपली तयारी नसते. 'वाङ्मयीन' असे प्रमाणपत्र मिळालेल्या लेखनात हेच भय आपण 'नियतीचे चिंतन' या नावाने स्वीकारतो. तेव्हा पहिला आक्षेप भयाला नसून भयाच्या सामाजिक दर्जाला आहे, असे म्हणणे भाग पडते.

३

आता दुसऱ्या, अधिक गंभीर आक्षेपाकडे वळू. सातपुड्याच्या आदिवासी भागात स्त्रियांना डाकीण ठरवून त्यांचा छळ करण्याची प्रथा सर्वज्ञात आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षे झटत होते तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात अस्तित्वात आला. या पार्श्वभूमीवर 'कल्पनाशक्ती निरुपद्रवी असते' असे समीक्षकाने म्हणणे शोभणार नाही. अज्ञाताच्या भयापोटी माणसे मारली गेली आहेत.

प्रश्न असा की, ती कल्पनेच्या अतिरेकाने मारली गेली काय?

एखाद्या वस्तीत मूल अचानक दगावते. 'का' हा प्रश्न उभा राहतो आणि तो असह्य असतो. मग कोणी जाणता 'का' या प्रश्नाच्या जागी 'कोणी' हा प्रश्न ठेवतो. 'का'ला उत्तर नव्हते, 'कोणी'ला मिळू शकते. वस्तीच्या कडेला एकटी राहणारी विधवा असते, तिची थोडी जमीन असते. त्या क्षणी अज्ञात संपते. त्याला नाव मिळते, घर मिळते, शरीर मिळते, आणि शरीर मिळाले म्हणजे त्याला दगड मारता येतो. ही कल्पनेची भरारी नव्हे. अज्ञात क्षणभरही सहन न झाल्यामुळे कल्पनेने येथे घाईने माघार घेतली आहे. डाकीण ठरवणाऱ्याला त्या स्त्रीच्या जागी स्वतःला कल्पिता येत नाही, एवढे तिचे दारिद्र्य आहे.

म्हणून कल्पनाशक्तीची दोन कार्ये वेगळी करावयास हवीत. एक रिकामी जागा भरणारे, दुसरे ती रिकामी धरून ठेवणारे. आपल्या लोकसमजुतींत दोहोंचे नमुने आहेत. मुंजा, हडळ, ब्रह्मराक्षस यांना जात आहे, लिंग आहे, राहण्याचे झाड ठरलेले आहे. मुंजा पिंपळावर राहतो हे कळले की पिंपळ टाळता येतो. ही भुतांची शिरगणतीच आहे आणि शिरगणती हा अज्ञातावर ताबा मिळवण्याचा मार्ग असतो. याच समजुतींत 'चकवा'ही आहे. चकव्याला रूप नाही. ओळखीच्या माळावर माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच ठिकाणी असतो, एवढाच चकवा. हे एका प्राण्याचे नाव नसून एका अनुभवाचे नाव आहे. चकवा लागला म्हणून कोणाच्या दारावर चाल करून जाता येत नाही.

चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा' (१९६६) या कादंबरीचे महत्त्व मला या संदर्भात वाटते. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली तिच्यावर हिंदी आणि तेलुगू अशा दोन भाषांत चित्रपट काढला. त्यात परशुरामाला कोंडुऱ्याकडून वर मिळतो आणि गर्भ पाडणारी मुळी मिळते. या साक्षात्काराच्या बळावर एका गर्भवती स्त्रीच्या पापाविषयी त्याची खात्री होते. तो मुळीचा उपयोग करतो आणि खात्री खोटी ठरते. अनर्थ घडतो तो गूढामुळे नव्हे, गूढाचा अर्थ आपल्याला कळला आहे या निश्चितीमुळे. अंधश्रद्धेचे याहून भेदक विश्लेषण निबंधातून करणे अवघड आहे. आणि ते करणारी कृती गूढाचा पुरेपूर उपयोग करणारी आहे, हे विसरून चालणार नाही.

४

या विवेचनातून मूल्यमापनाचा एक निकष हाती येतो. भयकथेत भूत आहे की नाही, त्यावर लेखकाचा विश्वास आहे की नाही, हे प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने दुय्यम आहेत. कथा आपल्या रिकाम्या जागेचे काय करते, हा खरा प्रश्न होय. जी कथा 'का'चे रूपांतर 'कोणी'मध्ये करून वाचकाच्या हाती एक दोषी देते, ती कितीही सफाईने लिहिलेली असली तरी तिची रचना अंधश्रद्धेच्या रचनेला समांतर जाते. हा दोषी जर विद्रूप, परजातीय, एकटी स्त्री वा वेडसर म्हातारी असेल तर समांतरता अधिकच गंभीर होते. आपल्या लोकप्रिय भयकथेला आणि चित्रपटांना हा निकष कठोरपणे लावला पाहिजे. त्यातून धारपांच्याही काही कथा सुटणार नाहीत. उलट, जी कथा वाचकाला काही काळ न कळण्यात राहावयास शिकवते ती त्याला एका आवश्यक शिस्तीचा परिचय करून देते. वैज्ञानिक दृष्टीलाही, पुरावा हाती येईपर्यंत निर्णय न घेण्याची, हीच शिस्त लागते. गूढकथा आणि विवेकवाद यांचे वैर आपण समजतो तितके मूलगामी नाही.

हा निकष सर्वत्र सारखाच चालेल असा माझा दावा नाही. कधीकधी वाचकाला बाण लागलेलाही दाखवावा लागतो. अत्याचाराच्या कथनात लेखक केवळ सूचनेवर थांबला तर ते पळ काढणे ठरेल. तेथे अज्ञात काहीच नसते. कोणी केले हे सर्वांना ठाऊक असते आणि तेच उच्चारावयाचे असते. न सुटलेल्या बाणाचे सौंदर्य सुटलेल्या बाणांकडे डोळेझाक करण्यासाठी वापरता येणार नाही.

त्या विद्यार्थिनीने पुढे दुसरा, निर्धोक विषय घेतला आणि लघुप्रबंध वेळेत पूर्ण केला. मूळ विषय अजून तसाच पडून आहे. कोणी तो हाती घेतला तर त्याने 'ही कथा किती घाबरवते' एवढ्यावर न थांबता 'ही कथा माझे भय शेवटी कोणाच्या अंगावर सोडते' हे प्रत्येक कथेला विचारावे. हा प्रश्न वाङ्मयीन नव्हे असे कोणतीही समिती म्हणू शकेल, असे मला वाटत नाही.